थोरबाचा दुसरा पाय

इरफान, रविवारी तुझ्या घरी खेळ झाला. तू गेल्यानंतरचा पहिला. आणि थोरबा म्हणून कोण खेळलं हे सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही. आपा खेळल्या. तुझी मोठी बहीण. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "एवढे मोठे माणसं आन हे खोटे खोटे भांडणं" म्हणत ज्या आपल्याला चहा द्यायच्या, त्या तुझ्या जागेवर मांडी घालून बसल्या, तुझे फासे हातात घेतले आणि आपल्या दोघांना जे सुचलं नव्हतं ते त्यांनी करून दाखवलं. तेव्हापासून मी नुसता फिरतोय. प्लांटच्या लॅबमध्ये कोळशाचे नमुने तपासताना मध्येच थांबतो आणि वाटतं, आधी इरफानला फोन करावा. मग आठवतं. म्हणून लिहितोय.

तू असतास तर म्हणाला असतास, "सुरुवातीपासून सांग बे, मधातून नको." सांगतो.

मी बदली होऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा या गावात बायकोशिवाय माझं कुणी नव्हतं. तुझ्या दुकानात आलो तो कॉलनीच्या गणपतीचा फ्लेक्स छापून घ्यायला. तू संगणकावर कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवसाचा चेहरा ताणून मोठा करत होतास आणि शेजारच्या खिडकीत इंग्रजी नियमांची पानं उघडी होती. मी विचारलं हे काय. तू म्हणालास, "गोष्टीचा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्याच्यातले माणसं होतात. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं का नाई ते फासा ठरवते. जिंकणं-हारणं नाई याच्यात. फक्त गोष्ट पुढं जाते." मग माझ्याकडे नीट बघून म्हणालास, "तुमी सांगान काय गोष्ट?"

मला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. कॉलनीच्या सभेत मी मागच्या रांगेत बसणारा. तरी पुढच्या रविवारी दुपारी मी तुझ्या घरात, तुझ्या बहिणीसमोर, माझी बायको मंदा आणि तुझा मित्र दिलीप यांच्यासमोर राक्षसांचे, म्हाताऱ्यांचे, नदीचे आवाज काढत होतो. हे तू कसं केलंस ते मला अजून कळलेलं नाही. तुझे आभार मानायचे राहूनच गेले. आपण भांडत राहिलो त्यामुळे वेळ मिळाला नाही.

भांडण थोरबावरून.

मंदानं पात्र म्हणून झाडपाल्याची औषधं जाणणारी एक बाई घेतली. दिलीप कोरपन्याकडचा, कापसाच्या घरातला, सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. त्यानं भिवा नावाचा मधाची पोळी काढणारा गडी घेतला. आणि तू, आपल्या सगळ्यांत अंगानं लहान, ज्याला आपा अजून छोटू म्हणायच्या, तू म्हणालास की तुला मोहाच्या झाडाएवढा माणूस पाहिजे. नाव थोरबा. दुकानातल्या सनबोर्डाचा, जाहिरातीच्या जाड पाटीचा, तुकडा कापून तू त्याची बाहुली केलीस. दिलीपचा भिवा म्हणजे एक नट, मंदाची वैदीण म्हणजे मोठं बटण, आणि त्यांच्यामध्ये वीतभर उंच थोरबा. मी विचारलं, एवढा मोठा कशाला? तू म्हणालास, "दिवसभर लोकाईचे तोंडं मोठे करून राह्यलो. रविवारी मले होऊ दे."

पहिले दोन रविवार थोरबानं एका फटक्यात सगळं संपवलं. दरोडेखोर आले, थोरबानं झाड उपटून फिरवलं, दरोडेखोर गेले. पूल पडला, थोरबा स्वतः पूल झाला. दिलीप शेंगदाणे खात बसला होता. शेवटी म्हणाला, "मी काऊन येऊन राह्यलो मंग? तुमी दोघं खेळा ना."

म्हणून मी थोरबाचा जोर कमी केला. त्याचा फटका बाकीच्यांच्या फटक्याएवढाच. तू तो रविवार कसाबसा काढलास आणि निघताना म्हणालास, "हा मोठा कुठी राह्यला? हा तं नुसता उंच आहे."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. मग मी वेगळा उपाय काढला. जोर परत दिला, पण मोठेपणाची किंमत लावली. थोरबाला भूक फार, तो दारातून जात नाही, गुहेत मावत नाही, नावेत बसला तर नाव बुडते. झालं असं की गोष्ट गुहेत गेली आणि तू पूर्ण दुपार गुहेच्या तोंडाशी बसून राहिलास. आपा दारातून म्हणाल्या, "आज छोटू चुप काऊन आहे?" तू म्हणालास, "मी बाहेर उभा आहे, आपा." मंदा हसून हसून लोळली. मला मात्र वाईट वाटलं. मग मी थोरबाच्या तोडीचे शत्रू आणले. दगडाचे रेडे, एकेक टेकडीएवढा. त्यांचा एक धक्का थोरबाला जेमतेम जाणवायचा आणि तोच धक्का चुकून लागला की वैदीण मरायची. मंदानं तीन वेळा नवं पात्र बनवलं आणि मग म्हणाली, आता मी आपांना स्वयंपाकात मदत करते.

एवढ्याशा बैठ्या टेबलावर एक मोठा माणूस बसवायचा आणि बाकीच्यांना लहान वाटू द्यायचं नाही, आणि त्यालाही लहान करायचं नाही. मी गणित मांडून मांडून थकलो. तू थकला नाहीस. तू म्हणालास, "सुनील, आपण खरा मोठा पाह्यलाच नाई. चाल, हत्ती पाहून येऊ."

त्या सकाळची थंडी आठवते तुला? दिलीपची गाडी, वैनगंगेवरचं धुकं, मग गडचिरोलीचं जंगल, दोन्ही बाजूंना साग आणि मध्येच कापून झालेल्या धानाची रिकामी बांधी. हत्तींच्या कॅम्पाजवळच्या तळ्यात एक मोठी हत्तीण अंघोळ करत होती. तू काठावर असा उभा राहिलास की जणू ती तुला मुलाखत देणार होती. दिलीपला भूक लागली होती, तो पोहे शोधायला गेला. आपण दोघं बघत राहिलो.

ती पाण्यातून बाहेर यायला निघाली. आधी सोंडेनं काठाची माती चाचपली. मग पुढचा पाय उचलला. तेवढा पाय वर जाईपर्यंत काठावरच्या सगळ्यांना कळलं होतं की ती आता कुठे येणार. एक बाई कपडे घेऊन बाजूला झाली. एक कुत्रं उठलं. आणि नेमका एक माणूस बादली उचलायला त्याच जागी वाकला. पाय हवेत, माणूस खाली. क्षणभर. मग माणूस बादलीसकट बाजूला आणि पाय जमिनीवर.

तू माझा दंड इतका जोरात धरलास की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता. "दिसलं?" तू म्हणालास. "ताकद कमी नाई करायची. तिनं पाय उचलला तं सगळ्याईले दिसलं. सगळ्याईले वेळ भेटला. जो मोठा असन त्यानं आधी सांगायचं, आन करायचं शेवटी."

परतीच्या वाटेवर आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो. दिलीपनं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "एक एक बोला, मले रस्ता दिसून नाई राह्यला." पण तोवर नियम झाला होता. फेरीच्या सुरुवातीला थोरबा सांगणार, मी हे करतो. मग बाकीचे आपापली चाल खेळणार, त्यांना माहीत आहे की शेवटी काय कोसळणार आहे. आणि सगळ्यांचं झाल्यावर थोरबाची चाल घडणार, पूर्ण ताकदीनं, काही न कापता.

त्यानंतरचा रविवार मी कधी विसरणार नाही. दगडी रेडे गावावर चालून आले. तू जाहीर केलंस, "थोरबा टेकडीवरची शिळा ढकलते." आणि एकदम सगळं टेबल जागं झालं. शिळा पडणार हे नक्की, कुठे पडणार तेही नक्की, फक्त रेडे तिथे नव्हते. मंदा म्हणाली, मी कडुनिंबाचा धूर करते, रेडे धुराला भिऊन खाली वळतील. दिलीप म्हणाला, "भिवा त्याईच्या समोरून पळते, मागं मागं येतील." फासे पडले, धूर वळला, भिवा पळाला, पाय घसरला, सावरला, आणि रेडे नेमके शिळेखाली आले. मग तू दोन्ही हातांनी टेबल ढकललंस. चहा सांडला. आपा धावत आल्या, भांडण झालं काय म्हणून. दिलीप उभा राहून नाचत होता. तो म्हणाला, "शिळा यानं ढकलली, पण रेडे म्या आणले." तुझं तोंड मी पाहिलं. तू पहिल्यांदाच खरोखर मोठा झाला होतास आणि खोलीत कुणीही लहान झालं नव्हतं.

आणि लगेच आपण भांडायला लागलो.

मी म्हणालो, थोरबानं सांगितलेली चाल त्याला शेवटी मागे घेता आली पाहिजे. हत्तिणीनं पाय थांबवलाच होता. तू म्हणालास, "थांबवला नाई. माणूस सरकला."

"पाय आधी थांबला, मग माणूस सरकला."

"माणूस आधी सरकला. म्या पाह्यलं."

दिलीपला विचारलं तर तो तेव्हा पोहे शोधत होता. साक्षीदार कुणीच नाही. तुझं म्हणणं होतं की मागे घेता आलं तर थोरबा पुन्हा सोपा होईल. कुणाला काही होणार असं दिसलं की मागे, मग बाकीचे कशाला धावतील? माझं म्हणणं, मागे घेता येत नसेल तर तो माणूस नाही, घसरत चाललेली दरड आहे. आठवडे गेले. मी रात्रपाळीहून आलो की तुझा मेसेज असायचा, "माणूस सरकला." मी उत्तर लिहायचो, "पाय थांबला." शेवटच्या रविवारी तू दारापर्यंत आलास, चप्पल घालत असलेल्या मला म्हणालास, "सुनील, तुझं अर्धं बरोबर आहे. पण कोणतं अर्धं ते मले अजून नाई समजलं." ते आपलं शेवटचं बोलणं. त्या आठवड्यात तू दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास, हातातलं काम अर्ध्यावर ठेवून.

मी त्या दिवसांबद्दल लिहीत नाही. तुझ्याकडे किती माणसं आली होती तेवढं सांगतो. कब्रस्तानाच्या बाहेर रस्ता भरला होता. शहरातल्या ज्या ज्या माणसाचं तोंड तू कधी मोठं केलं होतंस, तो बहुतेक आला होता.

मग रविवार येत गेले आणि आम्ही कुणीच तुझ्या घराकडे वळलो नाही. मंदा म्हणायची, आपांना भेटून येऊ. मी उद्या म्हणायचो. शेवटी आपांचाच फोन आला. "तुमी लोकं रविवारी येऊन नाई राह्यले. काऊन?" मी पाळीचं काहीतरी कारण सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "घर लई चुप आहे. या. दिलीपलेही आणा."

आम्ही गेलो. सगळं मांडलेलं होतं. तुझा नकाशा, वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पाठीवर काढलेला, टेबलावर पसरलेला होता. मला वाटलं आपांना फक्त आमचे आवाज हवेत. मी म्हणालो, थोरबा आजारी आहे असं दाखवू, टेकडीआड झोपलाय. आपा ओढणी सावरून तुझ्या जागेवर बसल्या. "झोपलेला नको," त्या म्हणाल्या. "मी करते थोरबा. मले नियम सांगा."

मी सांगितले. आधी बोलायचं, घडणार शेवटी. त्यांनी विचारलं, "बोललेलं परत घेता येते काय?" इरफान, तू समोर असतास तर मी माझाच मुद्दा सांगितला असता. तू नव्हतास, तर मला तो सांगता येईना. मी म्हणालो, "नाही आपा. बोललं म्हणजे बोललं." दिलीपनं माझ्याकडे पाहिलं.

नदीवरचा जुना पूल. पलीकडून रेडे येत होते, अलीकडे गाव. आपांनी फारसा विचार केला नाही. "थोरबा पुलावर पाय आपटते. पूल मोडला का रेडे तिकडेच राह्यतात." चाल चांगली होती. मंदानं काठावरची माणसं हलवली. दिलीपला मात्र दिसलं की पुलाखाली एक वासरू बांधलेलं आहे. दिसलं म्हणजे मीच ठेवलं होतं. "भिवा खाली जाते, दावं कापते, निघते." फासा टाकला. दावं कापलं, वासरू सुटलं. निघायचा फासा टाकला. एक. मी म्हणालो, दगडांत भिवाचा पाय अडकला.

आता थोरबाची पाळी.

आपांनी नकाशाकडे पाहिलं. पुलाखालचा तो नट. वर सनबोर्डाचा थोरबा. "आता हा पाय खाली येईन काय?"

"येईल, आपा."

"याच्यावर?"

मी मान हलवली. दिलीप समजुतीनं म्हणाला, "होऊ द्या आपा. खेळ आहे. मी नवीन माणूस बनवून घेईन, दोन मिनिटं नाई लागत."

"तुमी बनवान," आपा म्हणाल्या. "मले नाई बनवता येत."

मंदानं तोंड फिरवलं. मी म्हणणार होतो की सोडा तो नियम, माझा घ्या, थांबवा पाय; तेवढ्यात आपा बोलल्या, अगदी सावकाश, दुकानात हिशेब करताना बोलावं तशा.

"हा पाय थांबत नाई म्हणता ना. नाई थांबला तं नाई. मी त्याचा दुसरा पाय उचलते."

मला कळायला क्षण लागला. "आपा, दोन्ही पाय वर गेले तर तो उभा कसा राहील?"

"नाई राह्यत," त्या म्हणाल्या. "पडन. पडू द्या."

आणि त्यांनी तुझी बाहुली बोटानं मागे ढकलली. थोरबा उताणा, पुलापासून दूर, नदीच्या पात्रात.

इरफान, मी जागेवरून उठलोच. दिलीपही उठला. मंदा रडत होती आणि हसत होती. समजलं तुला? पाय मागे घेतला नाही. बोललेलं मोडलं नाही. तुझा नियम शाबूत. आणि भिवा वाचला, माझं म्हणणंही शाबूत. मोठ्याला थांबता येतं, पण फुकट नाही. दुसऱ्यावर पडणारं स्वतःवर पाडून घ्यावं लागतं. हेच ते अर्धं आणि अर्धं. आपण दोघं तिकडे पाय थांबला की माणूस सरकला करत बसलो, आणि तिसरी गोष्ट होऊ शकते हे आपल्याला दिसलंच नाही.

पुढचं तर ऐक. एवढा देह नदीत पडला तर पाण्याचं काय? मी आपांना फासा टाकायला सांगितला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत घोळवला, अगदी तुझ्यासारखा, आणि टाकला. सहा. पाणी उसळलं, पलीकडच्या काठावर चढलं, रेड्यांच्या पायाखालची माती गेली आणि ते एकामागून एक घसरून मागे गेले. दिलीप टेबलावर थापा मारत होता. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काय झालं हो? आपा म्हणाल्या, "काई नाई, आमचा माणूस पडला." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मग त्या हसता हसता थांबल्या आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

चहा झाल्यावर आपांनीच विचारलं, "आता हा उठते कसा? त्याचा नियम काय?"

नियम नव्हता. थोरबा कधी पडेल असं आपल्याला वाटलंच नव्हतं. मी लगेच मांडायला लागलो: सगळ्यांनी मिळून दोर लावायचे, जितकी माणसं तितका जोर, आणि मग एका फेरीत तो उभा. मला तो नियम फार आवडला होता. मी उत्साहानं समजावत होतो.

आपांनी मान हलवली. "नाई. एवढा मोठा दोराईनं नाई उठत. ओढान तं त्यालेच लागन. तो आपला आपण उठन. पण टाईम लागन त्याले."

"किती फेऱ्या, आपा?"

"ते आधी कसं सांगू? रोज पाहायचं. आज हात हलला, उद्या मान हलली, असं."

"आणि तोवर बाकीच्यांनी काय करायचं?"

त्या नकाशाकडे बघत राहिल्या. मीही. बाहेर रस्त्यावरून बस गेली, भांड्यांवरची झाकणं थोडी वाजली.

दिलीपनं पुढे वाकून पुलाखालचा आपला नट उचलला आणि नदीत, थोरबाच्या उशाशी नेऊन ठेवला. मी विचारलं, "भिवाची चाल काय?"

"चाल काई नाई," दिलीप म्हणाला. "इथीच बसून राह्यते."